पाच रुपयांचे पाच रुपये

माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरमागे झाली. आधी धुळ्याला, मध्ये काही वर्षं जळगावला, शेवटी पुन्हा धुळ्याला. नाण्यांच्या बाबतीत एक मत मी या सगळ्या काळात बाळगलं आणि विचारणाऱ्याला तर सोडाच, न विचारणाऱ्यालाही ऐकवलं. नाण्यावर जो आकडा आहे तीच त्याची किंमत. त्याहून जास्त कुणी देत असेल तर तो हौशी, आणि कुणी मागत असेल तर तो लबाड. हे मत आता पुरतं माझं राहिलेलं नाही. अर्धं गेलं, अर्धं उरलं. जे गेलं ते एखाद्या संग्राहकाने पटवून दिलं म्हणून गेलं नाही, धुळ्याच्या भाजीबाजारात गेलं.

काउंटरवर अधूनमधून कुणीतरी नाणं घेऊन यायचंच. भरायला नव्हे, दाखवायला. रुमालाच्या गाठीतून, मुलाच्या कंपासपेटीतून, देव्हाऱ्यातल्या डबीतून निघालेलं. त्यात गांधीजींचं सगळ्यात जास्त. त्यावर १८६९-१९४८ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे आणणाऱ्याची खात्री असायची की नाणं १९४८ सालचं, म्हणजे स्वातंत्र्याच्या लगेच नंतरचं, म्हणजे लाखाचं. मी सांगायचे, ही जन्माची नि मृत्यूची सालं आहेत, नाणं १९६९ चं, जन्मशताब्दीचं. स्वतंत्र भारताने कुणाच्या आठवणीखातर काढलेलं पहिलं नाणं याच्याही आधीचं, नेहरूंचं, १९६४ सालचं. तेही घरोघरी सापडतं. समोरचा चेहरा उतरायचा. मग माझं ठरलेलं वाक्य, "खर्चून टाका." गांधीजींचं वीस पैशांचं नाणं कोणत्या दुकानात खर्चायचं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मताला आधार होता तो डोळ्यांनी पाहिलेल्या पिशव्यांचा. करन्सी चेस्टमधून नाणी यायची, त्यांतच ही विशेष नाणीही यायची. १९९९ साली ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवाजी महाराजांचे दोन रुपये निघाले. २००१ ला महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचे पाच, २००२ ला तुकारामांचे दोन, २००३ ला रेल्वेच्या दीडशे वर्षांचे दोन, २००५ ला दांडीयात्रेचे पाच, २००७ ला टिळकांचे पाच. महावीरांचं नाणं जळगावच्या सराफ बाजारात कितीतरी जणांनी गल्ल्यात न टाकता देवघरात नेऊन ठेवलं. रेल्वेच्या नाण्यावर हातात कंदील धरलेला भोलू हत्ती आहे. भुसावळला रेल्वेचा माणूस नाही असं घर शोधावं लागतं. माझ्या नणंदेच्या यजमानांनी ही नाणी मूठभर मागवून घेतली आणि त्यातलं एक निवृत्त होईपर्यंत पाकिटात बाळगलं. पण मूठभर काढली तरी पिशवीला काही कळायचं नाही. पिशवीमागे पिशवी होती. एक रुपया-दोन रुपयांची नाणी ग्राहकाकडून वजनावर घेणं बरं, असं तर रिझर्व्ह बँकेचं परिपत्रकच सांगतं. जी वस्तू काट्यावर तोलून घ्यायची, तिच्या एकेका नगाला निराळा भाव कुठून येणार, असा माझा सरळ हिशेब होता.

आमच्या धुळ्याच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक यायचे. नाव लिहीत नाही, गुरुजी म्हणते. नवी नाणी आल्याची बातमी त्यांना आमच्या मॅनेजरसाहेबांच्या आधी लागायची. शंभर नाण्यांचं न फोडलेलं पॅकेट मागायचे, पूर्ण पैसे मोजायचे आणि तिथेच काउंटरच्या कडेला उभं राहून भिंगाने एकेक नाणं बघायचे. सालाखाली चौकटच्या पानासारखी खूण असली तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. मला ते सगळं ठाऊक होतं, पण त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. "गुरुजी, हे परवा नेलंत की," मी म्हणायचे. "परवाचं चांदणीचं होतं मॅडम. हे ठिपक्याचं." रांगेतला मागचा माणूस वैतागून म्हणायचा, "काय भो, पाच रुपयात कितलं बघतोस!" रांग हसायची, मीही हसायचे. एकदा मी त्यांना सरळ विचारलं की याचे पुढे किती येतील. ते म्हणाले, "पाच." वर पुस्ती जोडली, "फोडलं नाही तर सहा." मला वाटलं, माणूस निदान प्रामाणिक आहे.

आता भाजीबाजार.

माझ्या निवृत्तीच्या आसपास दहा रुपयांच्या नाण्याचं प्रकरण सुरू झालं. कुणी म्हणे वर दहा रेघा असतात ते खरं आणि पंधरा असतात ते खोटं, कुणी म्हणे रुपयाचं चिन्ह नाही ते खोटं, कुणी म्हणे नोटबंदीसारखं हेही बंद होणार. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१६ ला खुलासा केला. तो कुणी ऐकला नाही म्हणून १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा केला, की दहा रुपयांची नाणी आजवर १४ नक्ष्यांची निघालीत आणि ती सगळीच्या सगळी चालतात. बँकेत बसलेल्या माणसाला अशी अफवा चार दिवसांची वाटते. मी पाच जुड्या मेथी घेतली, पिशवीत टाकली आणि दहाचं नाणं पुढे केलं. भाजीवाल्या मावशीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "ताई, हाई नई चालस. नोट दे."

ते नाणं २०१२ चं होतं, संसदेला साठ वर्षं झाल्याबद्दल काढलेलं. नाणं घेण्याची सक्ती करणारा कायदा जिने केला त्या संसदेचंच चित्र त्याच्यावर. मी तिथे उभी राहून मावशीला रिझर्व्ह बँकेचं निवेदन सांगू लागले. माझ्या आवाजातला काउंटर मलाच ऐकू येत होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की उद्या सकाळी मार्केट यार्डात अडत्या हे घेत नाही, मग मी कुठे खपवू? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा तर्क माझ्याहून पक्का होता. माझ्याकडे कायदा होता आणि तिच्याकडे पुढचं गिऱ्हाईक.

घरी येऊन मला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटत होतं. अफवेचं मूळ नक्ष्यांत होतं. एकच नक्षी असती तर खरं-खोटं करायला जागा राहिली नसती. नाणं नोटेपेक्षा पुष्कळ वर्षं टिकतं, त्यामुळे जुनी-नवी नक्षी एकाच वेळी बाजारात फिरते, त्यात दर थोड्या दिवसांनी कुणाची जयंती, कुठल्या संस्थेचा महोत्सव. गुरुजी ज्या चौदा प्रकारांसाठी चौदा कप्पे करत होते, तेच चौदा प्रकार मावशीला चौदा संशय वाटत होते. नाणं निराळं दिसतं म्हणून संग्राहक त्याला हात लावतो, आणि निराळं दिसतं म्हणूनच भाजीवाली त्याला हात लावत नाही. ज्या आकड्याला मी पक्की जमीन समजत होते तो आकडासुद्धा समोरचा घेईल या भरवशावर उभा होता. त्या दिवसांत आमच्या भागात दहाचं नाणं दहाला घेणारी माणसं मोजकीच. एस.टी.चा कंडक्टर घ्यायचा, तोही कुरकुरत. आणि गुरुजी. ते तर वाण्यांकडे स्वतःहून जात, त्यांचा अडकलेल्या नाण्यांचा डबा रिकामा करून घेत, दहाला दहा देत.

मग मी कायदा उघडून बसले. नोकरीत असताना तो परिपत्रकांतून तुकड्यातुकड्यांनी डोळ्यांखालून गेला होता. २०११ च्या नाणे कायद्यात लिहिलंय की एक रुपया आणि त्याहून मोठी नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन. पन्नास पैशांची नाणी फक्त दहा रुपयांपर्यंत. म्हणजे पाच हजारांच्या उधारीपोटी कुणी पाचच्या नाण्यांची गोणी आणून टाकली तर घेणाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे. दर्शनी किंमत ही अशी कुंपणात आहे. पन्नास पैसे तर अजून कायद्याने चालू आहेत, पण धुळ्याच्या आग्रा रोडवर ते देऊन पाहा.

त्याहून खालच्या नाण्यांची गोष्ट आणखी मजेची. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्यात गांधीजींचे वीस पैसे गेले, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांचे पंचवीस आणि दहा पैसे गेले, १९८५ चं वनसंवर्धनाचं पंचवीस पैशांचं गेलं. त्यांची दर्शनी किंमत आज शून्य. पाव नाही, दमडी नाही. तरीही कुणी संग्राहक त्यांचे दोन-चार रुपये देतो. थोडेच, पण देतो. माझ्या जुन्या मताप्रमाणे जी किंमत खरी होती ती मेली, आणि जी हवेतली होती ती जिवंत राहिली. "खर्चून टाका" म्हणून मी ज्यांना परत पाठवलं त्यांनी वीस पैसे कुठे खर्चले असतील कोण जाणे. त्यांच्यातल्या एखाद्या आजीने ते पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं असेल तर तिने माझ्यापेक्षा शहाणा व्यवहार केला.

जळगावच्या माणसाला मात्र या सगळ्यात नवल वाटणार नाही. तिथे वस्तूची किंमत विचारायची पद्धतच निराळी. सुभाष चौकाजवळच्या सराफ बाजारात तुम्ही १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं नेलंत तर पेढीवरचा माणूस गांधीजींकडे बघत नाही, काट्याकडे बघतो. पंधरा ग्रॅमचं नाणं, ८० टक्के चांदी, म्हणजे निव्वळ बारा ग्रॅम. चांदी किलोला लाख धरली तर बाराशे रुपये, आणि आकडा दहाचा. ब्रिटिशांच्या वेळचा राणीछाप रुपया साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वरचा आणि जवळपास ९२ टक्के चांदीचा, त्याचाही तिथे हिशेब असाच. सातपुड्यातल्या बाया गळ्यात रुपयांच्या माळा घालतात, त्यात त्यांना तो रुपया सोळा आण्यांचा आहे की नाही याच्याशी घेणं नसतं. जळगावला असताना मी एका सराफशेठना म्हटलं होतं की तुम्ही नाण्याची किंमत करत नाही, चांदीची करता. ते म्हणाले, "मग तुम्ही तरी नाण्याची कुठे करता? तुम्ही आकड्याची करता." त्या वेळी मला हा शब्दांचा खेळ वाटला. आणि चलनातलं नाणं वितळवणं त्याच २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचं समाधान मी घेतलं. शेठ हसले. त्यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

धातूची ही किंमत हलक्या नाण्यांनाही लागते, फक्त दिसत नाही. २००७ च्या सुमारास भारतीय नाणी बांगलादेशात चोरून नेऊन त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या आल्या होत्या. त्याच साली पाचचं नाणं कप्रोनिकेलऐवजी पोलादाचं झालं. काही विशेष नाणी तर दोन्ही धातूंत निघाली, आणि संग्राहक त्यातला फरक हातात धरताच ओळखतात. माहितीच्या अधिकारात २०१८ साली टांकसाळीकडून असंही कळलं की एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे पडतात. सरकार रुपया बनवताना अकरा पैसे घाट्यात जातं, आणि मी मात्र रुपया म्हणजे रुपया असं ठणकावून सांगत होते.

इतकं सगळं असूनही एका गोष्टीवर माझं मत तसूभर हललं नाही, उलट जास्त कडक झालं. ते म्हणजे मोबाइलवरचे लाखांचे भाव. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली. खानदेशात देवीचं नाव निघालं की माणूस मवाळ होतो. धुळ्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, यावलकडची मनुदेवी. त्यामुळे "हे देवीचं नाणं तुमच्याकडे आहे का, दहा लाख मिळतील" असा निरोप इथे जितक्या वेगाने फिरतो तितक्या वेगाने पावसाची बातमीही फिरत नाही. साक्री तालुक्यातली एक ओळखीची बाई माझ्याकडे आली ती असंच नाणं घेऊन. तिच्या मुलाने फोटो टाकला, तिकडून फोन आला, खरेदी पक्की झाली, फक्त आधी नोंदणीचे थोडे पैसे भरा. ते भरले. मग कराचे भरा. रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र पण आलं. ती माझ्याकडे तिसऱ्या हप्त्याच्या आधी आली हे नशीब. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने जाहीरच केलंय की जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी-विक्री आम्ही करत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आमच्या नावावर कुणी मागत असेल तर तो ठग. त्या बाईला मी हे वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "मग हे नाणं खोटं?" मी म्हटलं, नाणं खरं आहे, भाव खोटा आहे. हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला, कारण भाव देणारा फोनवर गोड बोलत होता आणि मी तर तिला दहा रुपये सांगत होते.

पण तिला "खर्चून टाका" मात्र म्हणाले नाही. नाण्याची कड बघितली, चमक बघितली, खूण बघितली. हातोहात फिरून गुळगुळीत झालं होतं. दहा रुपये, फार तर थोडे जास्त, तेही कुणाला त्याच खुणेचं हवं असलं तर. ती म्हणाली, मग ठेवतेच.

विशेष नाणं ही कल्पना काही दिल्लीच्या अर्थमंत्रालयाला पहिल्यांदा सुचलेली नाही, आणि हे मला गुरुजींनीच सांगितलं. राजवाडे संशोधन मंडळात ते जुनी कागदपत्रं बघायला जायचे, तिथून परतताना कधी आमच्या घरी चहाला थांबायचे. त्यांनी सांगितलं की आपल्या खानदेशाचंही एक स्मारक-नाणं आहे. फारुकी सुलतानांचा असीरगड अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला, आणि त्या विजयाची म्हणून असीरच्या टांकसाळीत सोन्याची मोहर पाडली. एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव नि इलाही ४५ हे साल. त्यातली एक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खानदेशाचं नावसुद्धा अकबराने शाहजादा दानियालवरून दानदेश करून टाकलं होतं. ते टिकलं नाही, मोहर टिकली. मी विचारलं, तिची किंमत किती? गुरुजी म्हणाले, "ती विकायला निघाली तर सांगतील. पण मॅडम, त्या मोहरेला भाव आहे तो अकबरामुळे नाही. अकबराची मोहर तुम्हाला पुष्कळ मिळेल. ससाण्याची नाही मिळणार." आणि लगेच, "आपला भोलू हत्तीही असाच दुर्मीळ असता, पण त्याला कोटींनी काढला."

हा मुद्दा मला आधीच कळायला हवा होता असं नाही. तो मला आधीपासून कळलेलाच होता, पिशव्या बघून. कळलं नव्हतं ते पुढचं. पिशवीतल्या नाण्यांतही सगळी सारखी नसतात. एखाद्या साली एखाद्या टांकसाळीने थोडीच पाडलेली असतात. एखाद्याची छाप घसरलेली असते. एखादं पॅकेट कुणी फोडलेलंच नसतं. गुरुजी पाच रुपयांच्या नाण्यात पाच रुपयांपलीकडचं काहीतरी शोधत नव्हते, पाच रुपयांच्या नाण्यांत एकमेकांपासूनचा फरक शोधत होते. आणि तो फरक असला तरच जास्त पैसे मागत होते. लाखांचा भाव सांगणारा फोनवाला नाण्यावर कोण आहे ते विचारतो. गुरुजी कोण आहे ते विचारतच नाहीत.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांनी उभी केलेली. तिथलं संग्रहालय मी गुरुजींच्या आग्रहाने पाहिलं. क्षत्रपांची, सातवाहनांची नाणी काचेखाली होती. प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते मी वाचत गेले. किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. कॅशियरच्या डोळ्यांना ते खटकलं, खरं सांगायचं तर अजून खटकतं.

मागच्या वर्षी गुरुजी मुलाकडे सुरतला राहायला गेले. खानदेशातली निम्मी घरं शेवटी सुरतला किंवा पुण्याला जातातच. जागा लहान, म्हणून संग्रहातली दुहेरी नाणी काढून टाकायची ठरली. मोजायला त्यांनी मला बोलावलं. त्यांना वाटलं, हाताला सवय आहे. होती. नीट लावलेल्या डब्यांमधून आम्ही दोन ढीग केले. एका ढिगात पॅकेटातली, न वापरलेली, खूण बघून ठेवलेली. दुसऱ्या ढिगात नुसती जमलेली, बाजारातून फिरून आलेली पाच नि दहाची विशेष नाणी. हा ढीग फार मोठा होता. पहिला ढीग नाशिकच्या एका व्यापाऱ्याने येऊन पाहिला आणि त्यातली काही नाणी चांगल्या भावाने, काही किरकोळ भावाने उचलली. चांगल्या भावाची कोणती निघतील हे मी आधी मनात ठरवलं होतं. त्यातलं एकही बरोबर आलं नाही. मोठमोठ्या माणसांची नावं असलेली नाणी त्याने बाजूला सारली आणि मला ओळखूही न येणारी दोन-तीन उचलून खिशात ठेवल्यासारखी जपून ठेवली.

दुसरा ढीग मी बँकेत भरून येते म्हणाले. कुठली बँक ते सांगत नाही. काउंटरवरच्या मुलाने पिशवी बघितली, मग घड्याळ बघितलं. आज माणूस नाही, सोमवारी या. सोमवारी गेले तर म्हणाला, काकू, शंभर-शंभरची पाकिटं करून आणा. त्यात चूक काही नाही. शंभराची पाकिटं करावीत असं परिपत्रक मीच वर्षानुवर्षं लोकांना वाचून दाखवलंय. पाकिटं करून नेली तेव्हा म्हणाला, एवढी एकदम नको, थोडी थोडी आणा. मी ज्या खिडकीमागून दर्शनी किमतीचे गोडवे गायले त्याच जातीच्या खिडकीसमोर मी दर्शनी किंमत मिळावी म्हणून उभी होते. नाशिकच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याने ती सगळी पाकिटं घेतली, आणि दर्शनी किमतीच्या वर अगदी थोडे, पण वरच दिले. त्याला ती ढिगाने लागतात म्हणे. मुलांना पहिला संग्रह सुरू करायला दहा-वीस नाण्यांचं पाकीट विकतो.

तेव्हापासून कुणी नाणं दाखवलं की मी लगेच आकडा सांगत नाही. साल विचारते, टांकसाळीची खूण विचारते, वापरलेलं आहे की नाही ते बघते. मग सांगते, तेवढेच मिळतील किंवा थोडे वर, आणि घेणारा कोण आहे ते आधी बघा. पंचवीस पैसे आणि त्याखालच्या नाण्यांना आता मी "कशाचंच नाही" असं म्हणत नाही. आणि टांकसाळीची विशेष पेटीबंद नाणी गुंतवणूक म्हणून घ्यावीत का, यावर माझं मत अजून जुनंच आहे. ती चलनात येतच नाहीत, विकत घेतानाच आकड्याच्या कितीतरी पट पैसे द्यावे लागतात आणि विकताना मात्र त्यातली चांदी मोजली जाते.

माझ्या भाच्याला हे पटत नाही. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला २८ मे २०२३ ला पंचाहत्तर रुपयांचं नाणं निघालं, पस्तीस ग्रॅमचं, निम्मी चांदी. त्याने ते मागवलं. मला दाखवायला आणलं ते बंद पेटीत. फोडलं तर किंमत जाते म्हणाला. मी म्हटलं, पुढे विकणार कुणाला, ते ठरलंय का? तो म्हणाला, तुझे ते सुरतचे गुरुजी आहेत ना, त्यांचा नंबर दे. दिला. त्याने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, वजन विचारलं, चांदी विचारली, आणि म्हणाले, "छान आहे, ठेव. मला नको. मी फक्त चालणारी जमवतो."